आजोळचा मासा

माशांची नावं घ्यायला बसलेल्या माणसाला मध्येच हाक मारायची नसते, हे तिकिए नदीच्या काठी शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नव्हतं ते फक्त वेनेरांदाच्या नातवाला. तो जन्मून महिना होत आला होता आणि पहाटेपासून झोळीत टाहो फोडत होता.

अनाक्लेतोनं तिकडे मान वळवूनही पाहिलं नाही. रंगवलेल्या पाटावर तो पाठ ताठ ठेवून बसला होता. पुढ्यात मिरचीच्या कालवणाचं मडकं, हातात अंगठ्याएवढी जाड तंबाखूची विडी. ओठ हलत होते, आवाज बाहेर येत नव्हता. तो यायचा नसतोच. पण वेनेरांदा त्याची जन्माची बायको. नवरा आता कुठल्या ओढ्याशी पोचलाय, हे तिला त्याच्या ओठांवरून कळायचं.

आधी बारीक मासळी. गवताच्या मुळांशी राहणारी, जिच्या अंगावर लालनिळी रेघ असते आणि काळ्या पाण्यात ती रेघच तेवढी पळताना दिसते. तिच्याकडे हत्यार नाही, म्हणून बाळंतिणीच्या ताटात तिचा मान पहिला. मग खवल्यांचे, काठावरच्या झाडांची पडलेली फळं खाऊन गुबगुबीत झालेले. मग पट्ट्यापट्ट्यांचे आराकू. नदी चढली की ते थव्यानं वर येऊन अंडी घालतात. लोक म्हणतात अंडी घालतात, खरं तर तो त्यांचा सण असतो, ते पितात, नाचतात, गातात, आणि कान शाबूत असलेल्याला ते गाणं ऐकूही येतं. मग चिखल चाटणारे. मग पिल्लांना तोंडात घेऊन फिरणारे. मग शेपटीवर खोटा डोळा मिरवणारा तुकुनारे, ज्याला आपण पुढून बघतोय की मागून तेच शत्रूला कळत नाही. मग दातवाले, एकापेक्षा एक वाईट. मग बिनखवल्यांचे मिशीवाले, पंखात काटा लपवणारे. मग चिलखत घातलेले. मग अंगात वीज असलेला तो लांबडा. आणि वाळूत अंग पसरून निजलेली पाकट.

बाळंतिणीनं महिन्यानं पुन्हा मासे खायच्या आधी प्रत्येकाचं नाव घ्यायचं. त्याचं घर सांगायचं, ते धबधब्याखाली आहे की डोहात की बुडालेल्या रानात. तो काय खातो, कुणाचा थोरला, कुणाचा धाकटा, तेही सांगायचं. आणि मग हळूच त्याचं हत्यार काढून बाजूला ठेवायचं. दात असेल तर दात, काटा असेल तर काटा, चरबी जड असेल तर ती चरबी. एकही सुटता कामा नये. जो सुटतो, नेमका तोच बाळंतिणीच्या ताटात येतो आणि दुधातून बाळाच्या पोटात जाऊन बसतो. खालच्या वळणावरच्या, अशीच नावं घेऊन धुराची फुंकर घालणाऱ्या एकाकडून एकदा एक बोटभर मिशीवाला राहून गेला होता. बाळंतीण कळवळली, त्याला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं, आणि त्या बिचाऱ्याला आजही अख्खी नदी त्या माशाच्या नावानं हाक मारते.

अनाक्लेतोकडून कधी एक मासा सुटला नव्हता. त्याचा बाप म्हातारा आकितो, त्याच्याकडूनही सुटला नव्हता. वेनेरांदाला नवऱ्याचा अभिमान होता. नदीत मासे किती, त्याला हिशेब नाही, आणि या एवढ्याशा टाळक्यात ते सगळे आपापल्या घरी, आपापल्या जागी पोहत असतात, याचं तिला इतक्या वर्षांनीही नवल वाटायचं. तोंडावर मात्र तिनं हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो दोन बोटं आणखी उंच झाला असता आणि दारातून आत येताना त्याला वाकावं लागलं असतं.

हे सगळं खरं. पण याच माणसानं पोटच्या लेकीच्या पोराला अजून नाव दिलं नव्हतं.

नाव म्हणजे काही हाक मारायची सोय नव्हे. ती जीव बसायची जागा असते. बापाच्या घराण्यातला कुणी तरी गेलेला आजा असतो, त्याचं नाव नातवाला द्यायचं. नाव बसलं की जीव बसतो. या पोराचा जीव बसायला जागाच नव्हती, म्हणून तो रडत होता, हे सगळ्या गावाला दिसत होतं. त्याचा बाप साओ गाब्रिएल शहरात रस्त्याच्या कामावर आलेला कुणी दक्षिणेकडचा माणूस. रस्ता संपला, माणूसही संपला. लेक ओर्लांदिना भरल्या पोटानं नदीच्या वर आली ती थेट आईच्या दारात.

"बाप कुठल्या घरचा ते सांग. मी नाव आणतो," अनाक्लेतो पहिल्या दिवशीच म्हणाला होता.

"त्यांच्यात घर नसतं, अण्णा. आडनाव असतं."

"आडनावावर जीव बसत नाही."

"मग तुमच्या घरचं द्या."

"माझ्या घरचं माझ्या मुलांच्या मुलांना. लेकीचं पोर जावयाच्या घरचं. हा काही मी केलेला कायदा नाही."

त्यानंतर बापलेकीचं बोलणं झालं ते भाकरी दे, पाणी घे, एवढंच. आणि काल संध्याकाळी ओर्लांदिनानं आपली पिशवी भरली. तिचा मामा, रुफिनो, आज कंदाचा रवा घेऊन शहराला निघणार होता. "मी त्याच्या होडीतून जाते," ती आईला म्हणाली. "तिथं कुणी विचारत नाही कुठल्या घरचा म्हणून. तिथं निदान सगळेच बेघर." वेनेरांदानं रात्र जागून काढली. आज नाव मिळालं तर लेक राहणार होती. नाही मिळालं तर नातू जाणार होता, आणि शहराच्या गर्दीत बिननावाचं पोर किती दिवस टिकतं, याचा विचार तिला करवत नव्हता.

शेवटी अनाक्लेतोचे ओठ पाकटीशी येऊन थांबले. त्यानं विडी ओढली, मडक्यावर धूर सोडला आणि मडकं लेकीकडे सरकवलं. महिनाभर कोरडी भाकरी आणि भाजलेल्या मुंग्या खाऊन ओर्लांदिनाचं तोंड वाळलं होतं. तिनं कालवणात भाकरी बुडवली, बोटभर मासा काट्यासकट तोंडात टाकला आणि डोळे मिटले. बापावर राग असला तरी जीभ काही रागावली नव्हती.

"तिखट आहे," ती म्हणाली आणि पुन्हा बुडवली.

तेवढ्यात खालून इंजिनाचा फटफटाट ऐकू आला.

रुफिनो वेनेरांदाचा धाकटा भाऊ. दोन्ही घरांत साटंलोटं झालेलं. अनाक्लेतोनं रुफिनोची बहीण केली, रुफिनोनं अनाक्लेतोची. त्यामुळे दोघंही एकमेकांना दाजी म्हणायचे, आणि दाजी म्हटलं की एकमेकांची खेचायची, हा जणू दोघांचा जन्मसिद्ध हक्क होता. रुफिनोही फुंकर घालायचा, आपल्या घराण्याची. चुकून एखादा मासा अनाक्लेतोच्या जिभेवरून घसरेल, या आशेवर तो म्हातारा होत चालला होता.

"दाजी, झाली नावं?" तो काठ चढता चढताच ओरडला.

"झाली."

"सगळी?"

"सगळी. खाणाऱ्याचीही झाली. तुम्ही मोठ्या तोंडाच्या माशांत येता."

"येऊ दे. मग हा राहिला." रुफिनोनं केळीच्या पानात गुंडाळलेला ऐवज जमिनीवर ठेवला आणि पान उलगडलं.

मासा ताटाएवढा रुंद होता. पाठ शेवाळी, पोट काळपट पिवळं, खवले बारीक आणि घट्ट. अजून कल्ले हलत होते. वेनेरांदा पुढे झाली, मागे सरली. असा मासा तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता, आणि तिनं पाहिलेले मासे काही थोडे नव्हते.

"माझ्या तळ्यातला," रुफिनो म्हणाला. "मागं ती संस्थेची माणसं आली होती बघा, तळं खोदा म्हणून. त्यांनी पिल्लं दिली. विमानातून आली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. म्हटलं भाचीला पहिला मासा माझ्याकडचा. पण अक्का, आता देऊ कसा? दाजींनी याचं नाव घेतलेलं नाही. घेतलंय का, दाजी? बघा, आठवून बघा. मला घाई नाही."

अनाक्लेतोच्या कपाळावर आठी पडली. ओर्लांदिनानं हातातला घास खाली ठेवला. हे उगाच नव्हतं. बिननावाचा मासा घरात आला होता; आता तो कुणाच्या ना कुणाच्या मडक्यात पडणारच होता.

"इकडे आणा," अनाक्लेतो म्हणाला.

आणि मग वेनेरांदानं जे पाहिलं, ते पाहायला तिनं रोजची कामं सोडून दिली असती. सोडलीच. तिच्या हातातला डाव तसाच हातात राहिला.

अनाक्लेतो उकिडवा बसला. आधी त्यानं माशाला हात लावलाच नाही, नुसतं पाहिलं, जसं नव्या सुनेला पाहतात. मग जबडा उघडला. आत दात होते, चपटे, दाढांसारखे, अगदी माणसाचे असावेत तसे. "हे चावायचे नाहीत," तो पुटपुटला, "फोडायचे. बिया फोडतो. कुणाच्या वाटेला जाणारा नाही." त्यानं कल्ला उचलला आणि आतली चाळण बोटानं चाचपली. "तांबाकी माशाची चाळण दाट असते, पाण्यातला कण न् कण गाळते. ही तशीच आहे, पण विरळ." मग बोट पाठीवरून शेपटीकडे नेलं. शेपटीच्या अलीकडे एक छोटा पंख असतो, कुणाच्या लक्षातही येत नाही इतका छोटा. तो त्यानं दोन बोटांत धरला आणि डोळे मिटले. "तांबाकीच्या या पंखात काड्या असतात. तिच्या जातभाईचा, पाकूचा पंख नुसता मांसाचा. याच्यात..." त्यानं पुन्हा चाचपलं. "याच्यात अर्ध्याच काड्या."

रुफिनोचं हसू जरा कमी झालं.

"दाजी, हा एका घरचा नाही," अनाक्लेतो डोळे उघडून म्हणाला. "एक घर तांबाकीचं, एक पाकूचं. आणि पाकू आपल्या पाण्यातला नाही. आपल्या पाकूचे खवले असे नसतात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. आता तुम्ही सांगा, आई कोण, बाप कोण?"

रुफिनोनं डोकं खाजवलं. चेष्टा करायला आलेला माणूस आता साक्षीदार झाला होता. "पिल्लं देणारा पोरगा म्हणत होता, आई खालच्या मोठ्या नदीतली तांबाकी. बाप दक्षिणेकडचा पाकू, तिकडच्या कुठल्या तरी नदीचा."

"लग्न कुठं झालं?"

"झालंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आई एका हौदात, बाप दुसऱ्या. तिची अंडी पिळून टोपात घेतात, वरून त्याचं पाणी पिळतात आणि पक्ष्याच्या पिसानं कालवतात. दाजी, मायबापांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही!"

"पिसानं?" अनाक्लेतो म्हणाला.

"पिसानं."

वेनेरांदाला हसू आवरेना. डाव हातात धरून ती वाकून वाकून हसली. आणि तिकडे ओर्लांदिना, महिनाभर जिचे ओठ शिवलेले होते ती, बाळाचं फडकं तोंडाला लावून हसू दाबत होती. "माझं निदान तेवढं तरी बरं," ती म्हणाली, "आम्ही एकमेकांना पाहिलं होतं." आणि मग तिचं हसू एकदम विझलं, कारण बाप हसत नव्हता.

अनाक्लेतोला तिचं बोलणं ऐकूच आलं नव्हतं. तो माशात होता.

"बाप पाकू, म्हणजे पोर पाकू," त्यानं निकाल दिला. "पोर बापाच्या घरचं. यात बघायचं काय?" आणि तो पाटावर जाऊन बसला, नवी विडी पेटवली, ओठ हलू लागले.

वेनेरांदा ओठ वाचत होती. फळं खाणारे आले. पाकू आले, काळे, लाल, चंद्रासारखे गोल. पाकूंचं पहिलं घर, दुसरं घर. मग ओठ थांबले.

ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. खोकला आला तरी नवऱ्याचे ओठ थांबत नसत. एकदा बसल्या बसल्या पायावरून साप गेला होता, तेव्हाही थांबले नव्हते. 

"काय झालं, दाजी?" रुफिनोही आता कुजबुजत होता.

"त्या बापाचं घर मला ठाऊक नाही," अनाक्लेतो हळू म्हणाला. "ती नदी मी ऐकलेली नाही. बाबांनी मला जेवढं पाणी दिलं, त्यात ती नाही. मी याला आपल्या पाकूंच्या घरी हाक मारतोय, आणि हा तिथं नाहीच. हा म्हणेल, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत. आणि आपले दात काढून देणार नाही." त्यानं कपाळ चोळलं. "चूक झाली असती. मोठी चूक."

"मग सोडा. मी परत नेतो, शहरात कुणीही खाईल."

"सोडायचा?" अनाक्लेतो भडकला. "तुमच्या तळ्यात अजून आहेत ना? पुढच्या पुरात तळं फुटलं की नदीत येतील ना? बेघर मासा नदीत मोकळा सोडायचा आणि म्हणायचं, माझा संबंध नाही? उद्या कुणाची बाळंतीण खाईल. घर नसलेला मासा नसतो, दाजी. घर शोधणारा आळशी असतो."

हे शेवटचं वाक्य वेनेरांदानं ऐकलं आणि मनात गाठ मारून ठेवलं.

तो पुष्कळ वेळ बसून राहिला. बाळ रडून रडून थकलं, हुंदके देऊ लागलं. कोंबड्या उन्हातून सावलीत आल्या. मग अनाक्लेतोचा चेहरा उजळला. असा उजळला की वेनेरांदाला तो लग्नाच्या वेळचा आठवला.

"बाप सापडत नाही, पण आई सापडते," तो म्हणाला. "तांबाकीचं घर मला ठाऊक आहे. खालच्या धबधब्यांच्या पलीकडं, मोठ्या नदीच्या बुडालेल्या रानात. बाबांनी सांगितलेलं आहे. बाप घेऊन जायला आला नाही, तर पोर राहतं कुठं? आजोळी. हा आजोळी राहिलेला मासा. तांबाकीच्या घरात बसवायचा, बहिणीचा मुलगा म्हणून. भाचा! आपल्या मामांच्या घरातून हाक मारली की तो ओ देईल. का नाही देणार? त्याला दुसरी हाक मारणारं आहेच कोण?"

पुन्हा ओठ हलले. या वेळी थांबले नाहीत. खाली, खाली, धबधबे उतरून, मोठ्या पाण्यापर्यंत जाऊन आले. त्यानं माशावर धूर सोडला, आणि खोटं कशाला सांगायचं, त्या क्षणी माशाचे कल्ले हलायचे थांबले.

"मानलं," रुफिनो म्हणाला. एवढी वर्षं जो शब्द त्यानं दातांमागं दाबून धरला होता, तो निसटलाच. "मानलं दाजी तुम्हाला. उगाच नाही माझी बहीण दिली."

"बाळंतीण आज याचा नुसता रस्सा घेईल," अनाक्लेतो ऐटीत म्हणाला. "मांस चार दिवसांनी. भाचा आहे, पण अंगानं मोठा आहे."

"मी चार दिवसांनी इथं नसणार," ओर्लांदिना म्हणाली. तिनं पिशवी उचलली आणि काठाकडे चालू लागली. "मामा, मी पिशवी होडीत ठेवते. येताना बाळाला घेते."

 अनाक्लेतो विडीच्या राखेकडे पाहत बसला.

तेव्हा वेनेरांदानं डाव खाली ठेवला. ती झोळीशी गेली, नातवाला उचललं, आणि नवऱ्यासमोर आणून केळीच्या पानावर ठेवलं. माशाच्या शेजारी.

"आता याचं तोंड उघडा," ती म्हणाली.

"काय वेडेपणा आहे हा!"

"दात बघा. चाळण बघा. शेपटी असेल तर तीही चाचपा. आई कोण ते मी सांगते, मीच जन्म दिलाय तिला. बाप दक्षिणेकडचा, नदी ठाऊक नाही. घ्या. सकाळपासून दुसरं काय करताय?"

"वेनेरांदा, मासा वेगळा, माणूस वेगळा."

"असं? आणि पहाटेपासून त्यांना माणसं कोण म्हणतंय? त्यांची घरं, त्यांचे थोरले-धाकटे, त्यांचे सण? मी ओठ वाचते हो तुमचे. आता कुठं मासा वेगळा झाला?"

"भाऊबंद काय म्हणतील? खालच्या गावचे थोरले म्हणतील, अनाक्लेतोनं घराण्याचं नाव परक्याला वाटलं."

"तांबाकीनं काही म्हटलं का? तिच्या घरात तुम्ही पोर घुसवलंत, तिला विचारलंत?" तिचा आवाज चढला. "जग म्हणतं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तुमचं उफराटंच. परक्याच्या तळ्यातला मासा बाब्या, आणि पोटच्या लेकीचं ते कार्टं! पिशवीतून आलेल्या माशाला दुपारच्या आत आजोळ मिळालं. हे पोर महिनाभर आजोळातच पडलंय, आणि त्याला आजोळ मिळत नाही. घर शोधणारा आळशी असतो, असं आत्ताच कुणी तरी म्हणालं. कोण बरं?"

ती रडत होती. आपण रडतोय हे तिला उशिरा कळलं. रुफिनोनं तोंड उघडलं, काही तरी चेष्टा ओठांवर आली असणार, पण त्यानं ती गिळली आणि नदीकडे पाहिलं. काठावर ओर्लांदिना पिशवी होडीत ठेवून उभी होती.

पानावर पडलेलं पोर आता जोरात रडायला लागलं होतं. हातपाय झाडताना त्याचा हात माशाच्या थंड पोटावर पडला, तसं ते दचकून आणखी रडलं.

अनाक्लेतो वाकला. खरोखरच त्यानं आपली करंगळी पोराच्या तोंडात घातली. त्या बोटाला तंबाखूचा वास होता, माशाचा वास होता, मिरचीचाही असणार. पण पोरानं ती हिरड्यांत घट्ट धरली आणि चोखू लागलं. रडणं थांबलं. पहाटेपासून पहिल्यांदा त्या घरात शांतता झाली, आणि नदीचा आवाज आत आला.

अनाक्लेतो बोट काढेना. 

"दात नाहीत," तो शेवटी म्हणाला.  "काटा नाही. हत्यार काहीच नाही याच्याकडे." मग थोड्या वेळानं, "बारीक मासळीसारखा आहे. हा तर सगळ्यात आधी घ्यायला हवा होता."

त्यानं पाणी मागितलं. वेनेरांदा पळत गेली, स्वतःच्या वयाचं भान न ठेवता. तुंब्यात पाणी घेऊन तो पाटावर बसला. पोर मांडीवर. ओर्लांदिना काठावरून दारापर्यंत आली होती, आत येत नव्हती.

ओठ हलू लागले. ही वाट माशांची नव्हती. ही समुद्रापासून वर येणारी, त्याच्या घराण्याची वाट. जिथं जिथं पूर्वज थांबले, नाचले, वस्ती केली, ते एकेक घर. वेनेरांदा दुसऱ्या घराण्याची, तिला ही वाट पुरती ठाऊक नव्हती, पण तिचा शेवट ठाऊक होता. तिला वाटलं, तो मध्येच कुठं तरी थांबेल. एखाद्या धाकट्याच्या घरापाशी, जिथलं नाव कुणी मागत नाही, कुणी विचारत नाही. लेकीच्या पोराला तेवढं पुरे. तेवढंही खूप होतं. तिनं मनातल्या मनात हात जोडले.

तो थांबला नाही. मोठी नदी आली, धबधबे आले, तिकिएचं तोंड आलं, वळणं आली. हा काठ आला. हे घर आलं. आणि या घरात शेवटचं राहून गेलेलं जे नाव होतं, त्याच्यावर ओठ मिटले.

 ते नाव तिच्या सासऱ्याचं होतं. तिच्या मुलांना दोन मुलगे झाले, त्यांनाही अनाक्लेतोनं ते दिलं नव्हतं. राखून ठेवलं होतं. कुणासाठी, ते त्यालाही ठाऊक नसावं.

"आकितो," अनाक्लेतो मोठ्यानं म्हणाला आणि पाण्याचा एक थेंब पोराच्या ओठांना लावला.

"बाबांचं नाव?" वेनेरांदा म्हणाली. "थोरल्यांना काय सांगाल?"

"सांगेन, आजोळी राहिलेला आहे. आजोळचा म्हणून काय शेपटीला बसवू?" मग दाराकडे न पाहताच तो म्हणाला, "पोरी, कालवण निवतंय."

ओर्लांदिना आत आली. ती बापाच्या पायाशी बसली आणि कालवणाच्या मडक्यात तोंड घालून रडत रडत रस्सा प्यायली. तिखट आहे, असं या वेळी म्हणाली नाही.

रुफिनोची होडी उन्हं कलताना निघाली, रवा घेऊन आणि भाचीला न घेता. पिशवी तेवढी विसरून होडीतच राहिली होती; ती त्यानं निम्म्या नदीतून काठावर भिरकावली आणि ती नेमकी चिखलात पडली. "दाजी!" तो लांबून ओरडला. "खाली कुणी विचारलं तर त्या माशाला म्हणू काय?"

"भाचा म्हणा!"

आजही त्या काठी त्या माशाला भाचाच म्हणतात.

रात्री सगळे आपापल्या टांगत्या झोळीत पडले होते. पोर उठलं आणि कुरकुरू लागलं, आता भुकेचं, साधं. ओर्लांदिना गाढ झोपली होती. महिनाभर त्या पोराला "ते" म्हणणारा अनाक्लेतो उठून बसला. "ए..." त्यानं सुरुवात केली आणि जीभ चावली. पोराला आता ए म्हणून चालणार नव्हतं. त्या नावाच्या माणसाशी तो उभ्या आयुष्यात कधी एकेरीत बोलला नव्हता. वेनेरांदा डोळे मिटून पडून राहिली, पण कान उघडे होते.

"आलो, बाबा," तो अंधारात चाचपडत म्हणाला. "रडू नका. आलो."